वाचकांचे प्रश्न : कवकांचे जग

बुरशी, अळिंबी, यीस्ट आणि त्यांच्या आप्तांविषयी आलेल्या प्रश्नांतील काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. प्रश्न निरनिराळे असले तरी बहुतेकांची उत्तरे कवकांच्या खाण्याच्या रीतीपाशी येऊन ठेपतात. म्हणून पहिले उत्तर सावकाश वाचावे, अशी विनंती आहे.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवते. भूछत्र मातीतून उगवते, जागचे हलत नाही, तरीही ती वनस्पती नव्हे, असे आम्ही शिकवतो. मुले ‘का?’ असे विचारतात, तेव्हा ‘त्यात हरितद्रव्य नसते म्हणून’ एवढेच मला सांगता येते. हे उत्तर पुरेसे आहे का?

उत्तर : उत्तर चूक नाही, पण त्यातून कवक काय नाही एवढेच कळते, ते काय आहे, हे कळत नाही. मुलांना असे सांगून पाहावे : वनस्पती आपले अन्न स्वतः तयार करते, प्राणी अन्न गिळून पोटात पचवतो आणि कवक मात्र अन्न आपल्या शरीराबाहेरच पचवते. केसाहूनही कितीतरी बारीक असे त्याचे तंतू अन्नाच्या आत शिरतात, तेथे पाचक विकरे पाझरवतात आणि विरघळलेले अन्न शोषून घेतात. यीस्टसारखी एकपेशीय कवके सोडली, तर बहुतेक कवकांचे शरीर म्हणजे अशा तंतूंचे जाळेच असते आणि ते अन्नातच राहत असल्यामुळे सहसा आपल्या दृष्टीस पडत नाही. लाकडावर किंवा मातीवर दिसणारे भूछत्र हे बीजाणू पसरवण्यासाठी त्या जाळ्याने काही दिवसांपुरते वर काढलेले अंग असते. झाड सगळे जमिनीखाली आणि फळ तेवढे वर, अशी कल्पना केली की मुलांच्या लवकर ध्यानात येते.

हे जाळे किती पसरू शकते, याचे एक उदाहरण वर्गात जरूर सांगावे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात, मॅल्हूर येथील अरण्यात, आर्मिलारिया या प्रजातीतील एका कवकाचे जाळे सुमारे ९६५ हेक्टर क्षेत्रात पसरलेले आढळले आहे आणि त्याचे वय दोन हजार वर्षांहून अधिक असावे, असा अंदाज आहे. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला त्याची खूण दिसते ती मरू लागलेल्या झाडांच्या रूपाने आणि शरद ऋतूत उगवणाऱ्या मधाच्या रंगाच्या छत्र्यांच्या रूपाने.

१९६९ साली रॉबर्ट व्हिटाकर यांनी सजीवांची पाच सृष्टींत विभागणी केली, तेव्हा कवकांना वनस्पतींपासून वेगळी सृष्टी देताना त्यांनी पोषणाच्या या वेगळ्या रीतीलाच महत्त्व दिले होते. पुढे जनुकांच्या अभ्यासातून असे दिसले की, कवके वनस्पतींपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची आहेत. त्यांच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, जे कीटकांच्या कवचातही असते. आणि ती साखरेचा साठा आपल्या यकृताप्रमाणेच ग्लायकोजेनच्या रूपात करतात. ही जवळीक लक्षात ठेवावी, कारण शेवटच्या प्रश्नात ती पुन्हा येणार आहे.

प्रश्न : कुंडी बदलताना मुळांभोवती पांढऱ्या तंतूंचे जाळे दिसले. रोग समजून मी मुळे धुतली आणि बुरशीनाशक घातले. ते योग्य झाले का? कवकांच्या जाळ्यातून झाडे एकमेकांशी बोलतात, असे म्हणतात, ते खरे आहे का?

उत्तर : झाड टवटवीत असेल आणि मुळे घट्ट व फिकट रंगाची असतील, तर बुरशीनाशकाची गरज नव्हती. कुंडीत नुसत्या डोळ्यांना दिसणारे पांढरे तंतू बहुधा खतातील पालापाचोळा कुजवणाऱ्या कवकांचे असतात आणि ते जिवंत मुळांच्या वाटेला जात नाहीत. मुळे तपकिरी, मऊ आणि दुर्गंधीयुक्त झाली असतील, तरच ती सड असते आणि तिचे कारण बहुतेक वेळा पाण्याचा अतिरेक हे असते.

मुळांचे खरे सोबती मात्र वेगळे आहेत आणि त्यांच्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. प्रशियात ट्रफल या मौल्यवान भूमिगत कवकाची लागवड करता येईल का, याचा शोध घेण्याचे काम आल्बर्ट फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाकडे आले होते. लागवड काही साधली नाही. पण झाडांच्या कोवळ्या मुळांवर कवकांचे आवरण असते आणि तरीही ती झाडे निरोगी असतात, हे त्यांच्या लक्षात आले. १८८५ साली त्यांनी या जोडीला ‘मायकोरायझा’, म्हणजे कवकमूळ, हे नाव दिले. आज आपल्याला माहीत आहे की, जमिनीवरील बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांशी अशी कवके जोडलेली असतात. फॉस्फरस मातीत फार सरकत नाही. मुळाच्या अगदी लगतचा साठा संपला की मूळ उपाशी राहते. कवकाचे तंतू मुळापेक्षा कितीतरी बारीक असल्याने जेथे मूळ शिरू शकत नाही अशा फटींत ते शिरतात, तेथून फॉस्फरस, नायट्रोजन आणि पाणी आणतात आणि त्या बदल्यात पानांनी तयार केलेली साखर व स्निग्ध द्रव्ये घेतात.

ही भागीदारी किती जुनी आहे, हे स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथील खडकांतून कळते. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या तेथील वनस्पतींना धड मुळेही नव्हती, तरीही त्यांच्या पेशींत आजच्या मायकोरायझासारखीच कवके जीवाश्मरूपाने सापडली आहेत. म्हणजे कवकांचे साहाय्य आधी आले आणि आज आपण ज्यांना मुळे म्हणतो ती नंतर आली. ऑर्किडचे धुळीइतके बारीक बी हे तर या अवलंबित्वाचे टोकाचे उदाहरण होय : त्यात अन्नाचा साठा जवळजवळ नसतोच आणि योग्य कवकाचा तंतू आत शिरून पोषण पुरवू लागल्याशिवाय निसर्गात ते रुजत नाही. फ्रान्सच्या नोएल बेर्नार यांनी हे १८९९ साली दाखवून दिले, त्यापूर्वी ऑर्किडचे बी का उगवत नाही, हे बागाइतांना मोठे कोडे होते.

आता झाडांच्या ‘बोलण्या’विषयी. १९९७ साली सुझान सिमार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातील जंगलात बर्च आणि डग्लस फर या झाडांमध्ये कार्बनची देवघेव होते, हे खुणेच्या, म्हणजे माग काढता येईल अशा कार्बनच्या साहाय्याने दाखवले. त्या प्रयोगातून पुढे आई-झाडे पिलांना ओळखून पोसतात, धोक्याचे इशारे देतात, अशी विधाने लोकांपर्यंत पोहोचली. २०२३ मध्ये याच क्षेत्रातील काही संशोधकांनी उपलब्ध पुरावे पुन्हा तपासले आणि जंगलात अशी जाळी किती सर्वत्र आहेत व त्यांतून जाणाऱ्या कार्बनमुळे रोपांना खरोखर किती लाभ होतो, याविषयीचे दावे पुराव्यापुढे धावत आहेत, असे स्पष्ट सांगितले. मला त्यांचे म्हणणे पटते. देवघेव होते, हे सिद्ध आहे; तिला ममतेचे नाव देण्याइतका पुरावा आज नाही. शिवाय या कथेत कवकाला निव्वळ तार समजले जाते, हे मला विशेष खटकते. ते स्वतः जिवंत आहे, त्याला स्वतःची भूक आहे आणि कोणाला किती द्यायचे यात त्याचेही हित गुंतलेले आहे.

प्रश्न : जंगलात दर वर्षी इतकी झाडे पडतात, मग त्यांचे ढीग का साचत नाहीत?

उत्तर : लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन हे द्रव्य पचवणे फार थोड्या सजीवांना जमते आणि ते पूर्णपणे विघटित करण्यात पांढरी कूज घडवणारी कवके सर्वांत पुढे आहेत. त्यांनी लिग्निन खाल्ले की लाकूड फिकट आणि तंतुमय होते. तपकिरी कुजीची कवके उलट सेल्युलोज खातात आणि बहुतेक लिग्निन मागे ठेवतात, म्हणून अशा लाकडाचे तपकिरी, चौकोनी तुकडे पडतात. पडलेला ओंडका हातात घेऊन त्यावर कोणाचा अंमल होता, हे सांगता येते. ज्यांना हे पचन स्वतः जमत नाही, त्यांनी कवकांना कामाला लावले आहे. वाळवीच्या काही जाती वारुळात टर्मिटोमायसिस या कवकाची शेती करतात, आणि अमेरिका खंडांतील पाने कापणाऱ्या मुंग्या पाने स्वतः न खाता त्यांवर कवक वाढवून ते खातात. माणसाने पहिले बी पेरले त्याच्या कोट्यवधी वर्षे आधीपासून ही शेती चालू आहे.

प्रश्न : पावाच्या एका कोपऱ्यावर हिरवा ठिपका दिसला, तर तेवढा भाग काढून उरलेला खावा का? भाजून घेतल्यास चालेल का?

उत्तर : दोन्ही करू नये. हिरवा ठिपका म्हणजे बीजाणूंचा थर. तो दिसू लागतो तेव्हा तंतू सच्छिद्र पावात आधीच पसरलेले असतात. पाव, शिजवलेले अन्न, मऊ फळे आणि मुरंबे बुरशी दिसताच संपूर्ण टाकावेत आणि बुरशी हुंगून पाहू नये. घट्ट, कडक चीजमध्ये तंतू सहज शिरत नाहीत, त्यामुळे ठिपक्याभोवतीचा अडीच सेंटिमीटर भाग कापून उरलेले वापरता येते.

भाजण्याविषयी विशेष सावध राहावे, कारण उष्णतेने कवक मरते, त्याचे विष मात्र टिकू शकते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले. कारण शोधता शोधता त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीपर्यंत तपास पोहोचला आणि त्या पेंडीवरील ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने तयार केलेले विष सापडले. त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते यकृताच्या कर्करोगाला कारणीभूत ठरते आणि नेहमीच्या स्वयंपाकाच्या उष्णतेने पुरते नष्ट होत नाही. म्हणून दाणे, मका आणि सुकामेवा पुरेसा वाळवून कोरड्या जागी ठेवणे आणि काळवंडलेले, सुरकुतलेले, कडवट दाणे बाजूला काढणे, हाच खरा उपाय आहे.

प्रश्न : मी कोलेस्टेरॉलसाठी रोज गोळी घेतो. ती बुरशीपासून तयार होते, असे कळले. जी वस्तू अन्न नासवते, तीच औषध कशी देते?

उत्तर : पहिल्या उत्तरातील बाहेर पचवण्याची गोष्ट येथे कामी येते. पोटात पचलेले अन्न कोणी पळवू शकत नाही. कवकाने विरघळवलेले अन्न मात्र उघड्यावर असते आणि भोवतालचे जीवाणू त्यावर टपलेले असतात. अशा ठिकाणी तग धरायचा, तर प्रतिस्पर्ध्याला रोखणारी रसायने जवळ असणे फायद्याचे ठरते. कवके इतकी नानाविध रसायने का बनवतात, याचे हे सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण आहे, आणि आपली अनेक औषधे म्हणजे त्या चढाओढीतून उसनी घेतलेली साधने आहेत.

सप्टेंबर १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात सुटीवरून परतलेल्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांना जीवाणूंच्या एका बशीत पेनिसिलियम बुरशी पडलेली दिसली आणि तिच्याभोवतीचे जीवाणू विरघळलेले दिसले. ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पण तेथे थांबल्याने पुढचे खडतर काम झाकले जाते. फ्लेमिंग यांना ते द्रव्य शुद्ध करता आले नाही. १९३९ पासून ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी ते हाती घेतले. युद्धाच्या टंचाईत बुरशी वाढवायला भांडी नव्हती, तेव्हा रुग्णालयातील शौचपात्रेही वापरली गेली. फेब्रुवारी १९४१ मध्ये जखम चिघळून मरणाला टेकलेल्या एका पोलीस शिपायाला ते औषध देण्यात आले. तो सुधारू लागला, पण साठा इतका अल्प होता की त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलिन पुन्हा गाळून त्याला द्यावे लागले. अखेर तेही संपले आणि तो दगावला. हा प्रसंग मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा आज औषधपेटीत सहज पडून असणाऱ्या प्रतिजैविकाच्या गोळीकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलते. पुढे अमेरिकेतील पिओरिया येथे बाजारातून आणलेल्या एका बुरसटलेल्या खरबुजावर अधिक उत्पादन देणारा वाण सापडला आणि औषध मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. १९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळाले. हीटली यांचे नाव त्यात नव्हते.

आपल्या गोळीची कथा जपानमधील आहे. प्रतिस्पर्धी सूक्ष्मजीवांना लागणाऱ्या स्टेरॉलची (कोलेस्टेरॉल याच वर्गातले) निर्मिती रोखणारे द्रव्य एखाद्या कवकाजवळ असेल, या तर्काने अकिरा एंडो यांनी हजारो कवके तपासली आणि १९७३ साली पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीतून पहिले स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारे द्रव्य, वेगळे केले. बाजारात प्रथम आलेले लोव्हास्टॅटिनही कवकापासूनच मिळाले होते. आजची काही स्टॅटिन औषधे संपूर्णपणे प्रयोगशाळेत घडवली जातात, त्यामुळे आपली गोळी नेमकी कोणती, हे तिच्या नावावरून पाहावे लागेल. अवयवरोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिले जाणारे सायक्लोस्पोरिनसुद्धा नॉर्वेतील हार्डांगरविडा पठारावरच्या मातीत सापडलेल्या एका कवकाची देणगी आहे.

प्रश्न : आयर्लंडचा बटाट्याचा दुष्काळ बुरशीमुळे पडला, हे खरे का?

उत्तर : दीर्घकाळ तसेच मानले जात होते. १८४५ पासून करप्याने बटाट्याची पिके नासली, सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली आणि तितक्याहून अधिक लोकांनी देश सोडला. रोगकारक फायटोप्थोरा तंतूंनीच वाढतो आणि बाहेरच पचन करतो, पण त्याच्या पेशीभित्तिकेत मुख्यतः सेल्युलोज असते आणि त्याचे नाते तपकिरी शैवालांशी आहे. तो खरा कवक नव्हे. मात्र ‘हा रोग दमट हवेमुळे नव्हे, तर एका सूक्ष्म सजीवामुळे होतो’ हे सिद्ध करण्याच्या खटपटीतून वनस्पतिरोगशास्त्राचा पाया घातला गेला.

खऱ्या कवकांनी केलेली हानी कमी नाही. श्रीलंकेतील कॉफीचे मळे १८६९ पासून तांबेऱ्याने उद्ध्वस्त झाले आणि तेथे चहा आला. अमेरिकेत १९०४ साली दिसलेल्या चेस्टनटच्या रोगाने पुढील चार-पाच दशकांत कोट्यवधी वृक्ष संपवले. बेडकांच्या कातडीवर वाढणाऱ्या एका कायट्रिड कवकाने उभयचरांच्या शेकडो जातींची संख्या घटवली आहे, त्यांतील काही कायमच्या नाहीशा झाल्या आहेत. या बहुतेक साथींत कवक एका खंडातून दुसऱ्या खंडात माणसाच्या व्यापारातून गेले आणि ज्यांनी ते पूर्वी कधी पाहिले नव्हते, अशा सजीवांवर पडले.

प्रश्न : काही समाज अळिंबी आवडीने खातात, काही तिला घाबरतात. असे का? विषारी अळिंबी ओळखण्याची सोपी खूण आहे का?

उत्तर : या भेदाचा अभ्यास एका दांपत्याच्या मतभेदातून सुरू झाला. १९२७ साली कॅट्स्किल पर्वतात फिरताना मूळच्या रशियन व्हॅलेंटिना वॉसन यांना रानटी अळिंबी दिसताच आनंद झाला आणि त्यांचे अमेरिकन पती गॉर्डन मात्र घाबरून गेले. त्यातून दोघांनी अळिंबीप्रेमी आणि अळिंबीभीरू संस्कृतींचा अनेक वर्षे धांडोळा घेतला. कवकांचा मानवी वापर मात्र या आवडीनिवडींहून फार जुना आहे : १९९१ मध्ये आल्प्समधील हिमनदीत सापडलेल्या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ चामड्याच्या पट्टीत ओवलेले बर्चवरील कवकाचे दोन तुकडे होते आणि आग पेटवण्यासाठी लागणारे दुसरे एक कवकही होते.

भीतीलाही आधार आहे. मध्ययुगीन युरोपात राय या धान्यावरील अरगट नावाच्या कवकामुळे हातापायांत आग होऊन ते काळे पडून गळत; त्या रोगाला ‘संत अँथनीचा अग्नी’ म्हणत. त्याच अरगटमधील एका द्रव्याने पुढे प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवून असंख्य मातांचे प्राण वाचवले.

खुणेविषयी स्पष्टच सांगतो : सोपी खूण नाही. चांदीचा चमचा काळा पडणे, किडीने खाल्लेले असणे, साल सुटणे यांपैकी कशावरही विसंबू नये. अमानिटा फॅलॉइडिस ही अळिंबी चवीला वाईट नसते आणि शिजवल्याने तिचे विष जात नाही. उलट्या-जुलाब सहसा सहा ते बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतात, मग बरे वाटू लागते आणि त्या फसव्या आरामातच यकृत निकामी होत जाते. जाणकाराने प्रत्यक्ष पाहून खात्री दिलेली नसेल, तर रानटी अळिंबी खाऊ नये. खाल्ल्यानंतर शंका आली, तर लक्षणांची वाट न पाहता उरलेला तुकडा सोबत घेऊन रुग्णालय गाठावे.

प्रश्न : गजकर्ण मलमाने जाते, पण थांबवले की पुन्हा उठते. कवकांवर जालीम औषधे का नाहीत? आणि ‘काळी बुरशी’ यापेक्षा वेगळी आहे का?

उत्तर : आधी दुसऱ्या भागाचे उत्तर देतो. म्युकरमायकोसिसला ‘काळी बुरशी’ हे नाव चुकीने पडले. बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडते, त्यामुळे मेलेला ऊतिभाग काळा दिसतो. बुरशी स्वतः काळी नसते. तिचे बीजाणू हवेत व मातीत नेहमीच असतात आणि निरोगी माणसाला सहसा काही करत नाहीत, मात्र अनियंत्रित मधुमेह किंवा दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड यांमुळे प्रतिकार खालावला की ती जीवघेणी ठरते. गजकर्ण घडवणारी कवके कातडीच्या वरच्या मृत थरातील केराटिन खातात आणि खोल शिरत नाहीत. आपल्या शरीराची ऊबच बहुतेक कवकांना सोसत नाही, ही आपली मोठी ढाल आहे.

औषधांची अडचण नात्याची आहे. जीवाणूंची पेशी आपल्या पेशीहून इतकी वेगळी असते की, पेनिसिलिन तिची भिंत मोडते आणि आपल्याला धक्का लागत नाही. कवकाची पेशी मात्र आतून बरीचशी आपल्यासारखीच असल्यामुळे, तिला मारणारे पुष्कळसे पदार्थ आपल्यालाही अपाय करतात. म्हणून औषधांचे गट मोजकेच आहेत आणि त्यांतील अनेक औषधे कवकाच्या पेशीपटलातील एर्गोस्टेरॉलवर नेम धरतात, कारण आपल्या पटलात त्याऐवजी कोलेस्टेरॉल असते. शेतातील तांबेरा आणि भुरीवर फवारली जाणारी काही बुरशीनाशके एर्गोस्टेरॉल बनू न देणाऱ्या अझोल या औषधगटातीलच आहेत, आणि त्यांच्या सान्निध्यात वाढलेल्या ॲस्परजिलस फ्युमिगेटस या माणसाला रोग करणाऱ्या कवकाचे औषधाला दाद न देणारे वाण रुग्णांत सापडू लागले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रथमच धोकादायक कवकांची यादी केली आणि तिच्या सर्वांत गंभीर गटात या कवकाचा समावेश केला.

आपले गजकर्ण पुन्हा उठण्याची दोन कारणे संभवतात. खाज आणि लाली आधी ओसरते, तंतू मागाहून मरतात. मधेच औषध थांबवल्यास उरलेले तंतू पुन्हा पसरतात. दुसरे म्हणजे, अनेक मिश्र मलमांत स्टेरॉइड असते, ज्यामुळे दोन दिवसांत आराम वाटतो आणि त्याच वेळी त्वचेचा प्रतिकार दबल्याने कवक मोकळेपणी वाढते. त्वचारोगतज्ज्ञांना वापरलेले मलम दाखवावे, कातडी साफ दिसू लागल्यावरही त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत औषध लावावे, टॉवेल व कपडे वेगळे ठेवून गरम पाण्यात धुवावेत आणि घरात आणखी कोणाला खाज असेल, तर त्यांचाही उपचार त्याच वेळी करून घ्यावा.